नीट आखणी

"बाप्पाला सांगतात तसं तुमच्या सोताच्या कारखान्यालापण सांगा, पुढल्या वर्षी लवकर ये!" मूर्तीचा पीतांबर रंगवता रंगवता हौसा दरवर्षी करवादायची. शेजारी मूर्तीचे डोळे आखत बसलेला तिचा नवरा गुणाजी म्हणायचा, "धंदा असा उठून होत नाय गो. आधी नीट आखणी लागते."

पेणच्या शेटच्या मूर्तिशाळेत राबत त्याने अठरा वर्षं ती आखणी केली. शेडचं माप झालं, सरकारी प्रशिक्षण झालं, पाटीसुद्धा रंगवून माळ्यावर पडली. यंदा एकदाची शेड उभी राहिली. पहिल्या मूर्तीचे डोळे बघायला शेजारीपाजारी जमले. गुणाजीने ब्रश टेकवून रेघ ओढली. सगळे एकमेकांकडे का बघू लागले, त्याला कळेना.

"उजेड कमी हाय," पुतण्या म्हणाला.

"ब्रशच बाद हाय," शेजारी म्हणाला.

गुणाजीने मान डोलावली. दारातून आलेलं भर दुपारचं ऊन त्याची पाठ भाजत होतं.

हौसाने त्याच्या हातातला ब्रश हळूच काढून घेतला.

 

"उजेड रग्गड हाय. तुमालाच दिसत नाय. तीन वर्षं झाली, तुमी जेवायला उठलात की शेटकडची तुमची डोळ्यांची आखणी मीच पुसून पुन्हा करतेय."