जागा बघायला आलेली आई

"एक म्हातारी आलीय," गेटवरून रखवालदाराचा फोन आला. "मुलासाठी आलेय म्हणते. स्फोट झाला ती जागा बघायचीय तिला."

ऑपरेटरनं फोन ठेवला. त्या स्फोटात गट्टू जाऊन वर्ष होत आलं होतं. दोघं जिवाभावाचे दोस्त, हायड्रोजनच्या या कारखान्यात एकाच दिवशी लागलेले. गट्टूची आई दूर राहायची. प्रवास झेपत नाही म्हणून अंत्यविधीलाही येऊ शकली नव्हती. ऑपरेटरनं तिला कधी पाहिलंच नव्हतं.

तो धावतच गेला. स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. ते नाकापर्यंत घसरलं.

"म्हातारपणी डोकंही आक्रसतं बघ," ती म्हणाली. हसू मात्र कुणालाच आलं नाही.

स्फोटाच्या जागी बसवलेल्या नव्या यंत्रापाशी ती थांबली. "इथं करता काय तुम्ही?"

"पाण्यात वीज सोडतो, आई. पाणी फुटून एकीकडे हायड्रोजन निघतो, दुसरीकडे ऑक्सिजन. मध्ये कागदाएवढा पातळ पडदा. तो धड आहे तोवर काळजी नाही."

"आणि फाटला तर?"

"वायू एकमेकांत मिसळतात. पण त्याआधी अलार्म वाजतो." त्याचा आवाज चढला. "त्या दिवशीही वाजत होता! इन्चार्जनं बंद केला. म्हणे, रोजचीच कटकट. वर गट्टूलाच व्हॉल्व्ह बघायला पाठवलं. चौकशीत मी तोंड उघडलं, म्हणून तो तुरुंगात गेला. सडू दे मेल्याला. तुम्ही त्याला कधी माफ करू नका, आई."

म्हातारी यंत्राच्या गार पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "एकच विचारते, बाळा. खरं सांग. जाताना त्याला फार त्रास झाला का रे?"

ऑपरेटरनं मान वळवली. गट्टूनं त्याच्याच मांडीवर जीव सोडला होता. ॲम्ब्युलन्स येईस्तोवर 'पाणी, पाणी' करत होता, आईला हाका मारत होता. हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"नाही, आई. त्याला कळलंसुद्धा नाही. क्षणात गेला."

"शपथ?"

"गट्टूची शपथ."

तिचा बांध फुटला. ऑपरेटरनं तिला सावरलं आणि त्याच्याही डोळ्यांना धार लागली. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच रडत होता. दोस्तासाठी निदान एवढं तरी आपल्या हातून झालं, असं त्याला वाटलं.

गेटबाहेर त्यानं तिला हाताला धरून रिक्षात बसवलं. तिनं तो हात सोडला नाही.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली. "तुरुंगात भेटायला गेले की माझा मुलगा दर वेळी हेच एक विचारतो. आज झोप लागेल त्याला."