पलीकडून तीन ठोके

नव्या खेळासाठी तिने कमरेएवढ्या खाणकऱ्यांची एक जमात रचली होती. मोठी हट्टी, पण रीतीला पक्की. भिंत फोडण्याआधी ते तीनदा ठोकत आणि पलीकडून तीन ठोके आले तरच आत शिरत. हा नियम तिने आज सकाळीच लिहिला होता. अजून कोणालाच दाखवला नव्हता, नवऱ्यालाही नाही.

भरदुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीतून आवाज आला. टक, टक, टक.

बाहेरच्या खोलीत लिहीत बसलेली ती ताडकन उठली. त्या भिंतीमागे नुसता डोंगर होता.

"उंदरांनी सुतारकाम काढलंय वाटतं!" आत भांडी घासणारा नवरा हसला. "थांब, त्यांना जरा दमात घेतो."

"अहो, नको!" ती धावली.

तोवर पळीचे तीन ठोके वाजले होते.

पलीकडे सगळं चिडीचूप झालं. मग बरोबर कमरेच्या उंचीवर गिलावा भुरभुरू लागला.