बांधावरच्या चपला

मुलांनो, डोळे मिटून बघा: मंद्रुपजवळचं एक रान, बांधावर दोन जोड चपला आणि काळ्या मातीत अनवाणी उभे गुरु आणि त्याची नऊ वर्षांची लेक रुद्राणी. दोघांच्याही तोंडाला मास्क, कारण रुद्राणीचे अज्जा, म्हणजे आजोबा, कोरोनानं सोलापूरच्या दवाखान्यात होते.

डॉक्टरांचा फोन आला. रुद्राणीनं स्पीकर लावला.

“कोरोना उतरतोय, पण दम वाढलाय. थुंकीत जंत सापडलेत. हे जंत मातीतून अनवाणी पायात शिरतात आणि वर्षानुवर्षं पोटात गप्प बसतात. कोरोनासाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी अंगाची रोगाशी लढायची ताकद दबली, तसे ते छातीत चढले. औषध सुरू केलंय, पण दोन दिवस अवघड आहेत. शेतात चप्पल घालत नाहीत का ते?”

“रान म्हंजे लक्ष्मी हाय, साहेब,” गुरु म्हणाला. “आमच्यात कुणीच चप्पल घालून उतरत न्हाय.”

“मग घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या.”

रुद्राणीला तळपायाखाली काहीतरी वळवळल्यासारखं वाटलं. गुरु तर जागीच थिजला होता.



ती धावत बांधावरून चपला घेऊन आली, मातीला हात लावून तो कपाळाला टेकवला, आणि खाली बसून बापाचा एकेक पाय उचलून चपलेत घातला.