बेचाळीस प्रश्नांचे मंगळवार

"पावत्या सापडल्या का, काकू?" मृण्मयीनं चपला काढता काढताच विचारलं.

मालनबाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं. कुठं ठेवल्यात देव जाणे, पुढच्या मंगळवारपर्यंत हुडकून ठेवते, असं म्हणत त्या चहाचं आधण ठेवायला वळल्या. सलग तिसऱ्या मंगळवारी हेच उत्तर होतं.

मृण्मयी विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. नवं आर्थिक धोरण आल्यावर हैदराबादेत गल्लोगल्ली फायनान्स कंपन्या निघाल्या आणि त्यातल्या काही बघता बघता बुडाल्या. लोकांनी तिथं पैसे का ठेवले आणि अशा कंपन्यांना रिझर्व्ह बँकेनं आवर कसा घालावा, हा तिचा विषय. बुडालेल्या एका कंपनीच्या ठेवीदारांच्या यादीत मलकपेठच्या मालनबाई होत्या. फॉर्मात बेचाळीस प्रश्न. बाकीच्यांनी ते तासाभरात उरकले होते. मालनबाई आठवड्याला दहा-बारा प्रश्नांची उत्तरं द्यायच्या, मग त्यांना काही आठवेनासं व्हायचं.

आठवत सगळं होतं. पावत्याही कपाटात होत्या, तारीखवार, दोऱ्यानं बांधलेल्या. पण पावत्या दिल्या की फॉर्म संपणार, आणि फॉर्म संपला की ही पोरगी कशाला येते? खालच्या बिऱ्हाडाशी भांडायला तेलुगू होती, भाजीवाल्याशी घासाघीस करायला उर्दू होती. मनातलं बोलायला मात्र मराठी माणूस लागायचं, आणि ते या गल्लीत उरलं नव्हतं. कपभर चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटांवर अख्खा तास मिळत होता. आवळा देऊन कोहळा काढत होत्या त्या, आणि त्याची त्यांना लाजही वाटायची.

आज मृण्मयी खुशीत होती. तिचं एक निरीक्षण सरांना फार आवडलं होतं. त्याचं स्वतंत्र प्रकरणच कर, म्हणाले होते.

"वयस्कर बायका पेपर्स सांभाळत नाहीत, काकू. कशावर सही केली, किती वर्षांसाठी, काही माहीत नसतं. म्हणून तर कंपन्यांचं फावतं. तुमचीच केस घेतलीय मी, नाव बदलून. तुमच्यासारख्या अजून दोघी निघाल्या."

मालनबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाव बदललं म्हणून काय झालं? मालक गेल्यापासून घरपट्टीची पावतीसुद्धा त्यांनी कधी हरवली नव्हती. आणि हे छापून येणार, मोठे साहेब वाचणार. उद्या म्हणतील, बायांना कळत नाही, एकट्या बाईच्या सहीवर काही करूच नका. गप्प राहिलं तर आणखी एक मंगळवार मिळाला असता, फार तर दोन. त्यांना उठवेना.

मग उठल्या आणि कपाटातला गठ्ठा आणून तिच्यापुढं ठेवला.

मृण्मयीनं दोरा सोडला. सोळा पावत्या, एकही मागंपुढं नाही. प्रत्येकीच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलेलं. पैसे न्यायला येणारा कंपनीचा एजंट संदेश किती वाजता आला, किती वेळ बसला. एकीवर होतं, संदेश चार वाजता आला, पोहे खाल्ले, त्याच्या गावचं, परभणीचं बोलला.

"हे तुमच्याकडेच होतं, काकू?"

"हौ. खोटं बोलले मी. तुझ्या वहीतलं ते कागद न सांभाळण्याचं आधी खोड."

तिनं ते खोडलं. उरलेले प्रश्न मग भराभर झाले. शेवटचा होता, अशा कंपनीत पुन्हा पैसे ठेवाल का? होय की नाही. आतापर्यंतच्या एकशे दहा जणांनी एकच उत्तर दिलं होतं, त्यामुळं विचारण्याआधीच तिचं पेन 'नाही'च्या चौकटीवर टेकलं होतं.

"होय लिही," मालनबाई म्हणाल्या.

"काकू, कंपनी बुडाली. तुमचे सगळे पैसे गेले."

"गेले की. मला काय समजत नाही?" त्यांनी पावत्यांना पुन्हा दोरा गुंडाळला. "बँकेत आपल्याला जावं लागतं, माय. कंपनीचा माणूस घरी यायचा."