पाळण्यांच्या गावचं स्थळ

कलगोंडा पाटलांनी नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभे राहिले. धार जोरकस होती. मुलगी द्यायच्या घरात आधी पाणी बघायचं, मग माणसं, असा त्यांचा शिरस्ता. थोरलीच्या वेळी चिकोडीकडच्या एका घराची विहीर वाकून पाहिली आणि चहा न घेताच ते परतले होते.

"चोवीस तास असतंय का?"

"व्हय आप्पा. गरम बी येतंय," सुकुमार म्हणाला.

पाटील निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये व्यापाऱ्यांच्या एका गटाबरोबर ते जर्मनीत ब्रेमेनला आले होते. तिथून निव्वळ धाकट्या चंदनासाठी सुकुमारबरोबर आगगाडीनं या दक्षिणेकडच्या लहानशा गावी पोचले होते. चंदनाची दोन स्थळं ठरता ठरता मोडली होती. तेव्हापासून घरात पाहुणे आले की ती परसात निघून जायची. आता तिसऱ्यांदा पोरीचं हसं होऊ द्यायचं नाही, असं ते ठरवूनच आले होते.

स्थळ संकेश्वरच्या एका मध्यस्थानं सुचवलं होतं. मुलगा म्हणजे हा सुकुमार, आपल्याच जैन समाजाचा, इंजिनियर. आईबाप लहानपणीच गेलेले, बेळगावच्या बोर्डिंगात वाढलेला, पुढेमागे कुणी नाही. त्यानं होकारही कळवला नव्हता आणि नकारही. एकदा येऊन बघून जा, एवढाच निरोप धाडला होता. पाटलांना ही रीत पसंत पडली. ब्रेमेनच्या स्टेशनावर घ्यायला आला तेव्हा त्यानं वाकून नमस्कार केला, लगेच आप्पा म्हणायला लागला आणि चंदनाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. असा मर्यादशील मुलगा आजकाल मिळतो कुठे?

खटकत होती ती नोकरी. गावाबाहेर एक भलंमोठं करमणुकीचं उद्यान होतं आणि तिथल्या पाळण्यांची देखभाल सुकुमारकडे होती. म्हणजे जावई पाळणेवाला. निपाणीत उरुसाला पाळणे घेऊन येणारी माणसं पाटलांनी पाहिलेली. भावकीला सांगायचं काय?

सकाळी सुकुमार त्यांना तिकडे घेऊन गेला. एवढी माणसं रांगेत उभी, पण कुणी कुणाला ढकलत नव्हतं. माडीच्याही वरून गाड्या सुसाट खाली येत होत्या, आणि सुकुमारनं तपासून सही केल्याशिवाय त्यातली एकही हलत नव्हती. पाटीलही एकीत बसले, टोपी मांडीखाली दाबून, तोंडानं णमोकार म्हणत. उतरल्यावर त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. मग म्हणाले की सरकारी इंजिनियरपेक्षा हे बरं, इथं चूक झाली तर लगेच कळतं.

दुपारी दोघं गावामागच्या जंगलात फिरून आले. झाडी आंबोलीसारखी दाट, पण पायवाट झाडून ठेवलेली आणि ठिकठिकाणी बाकं. पाटील ओढ्याकाठच्या एका बाकावर टेकले. सगळं कसं झकास होतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना भरून आलं. इथं पोर रडली तर ऐकणार कोण?

"हितं बाईमाणसाला सोबत कोण रं?"

"घरमालकीण बाई हाय, तिची लेक उर्सुला हाय. घरच्यासारख्याच हायत्या, आप्पा."

त्या मायलेकींनी संध्याकाळी फराळाला बोलावलंच होतं. आठ वाजले तरी ऊन हटत नव्हतं, त्यामुळे रात्री न जेवणाऱ्या पाटलांची चांगलीच सोय झाली होती. बाईनं मुद्दाम बिनअंड्याचा केक केला होता.

पाटलांनी चौकशी सुरू केली. अडचण एवढीच, की ज्याची चौकशी करायची तोच दुभाषी. म्हणून ते शब्दांकडे कमी आणि बाईच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. पोरगा पितो का, रात्री-अपरात्री येतो का? बाई भरभरून बोलली. बोलता बोलता तिनं सुकुमारच्या पाठीवर हात ठेवला, तिचे डोळे पाणावले. सुकुमारनं आवरतं घेत सांगितलं, "चांगलं म्हणतात." पण चेहऱ्यावरची माया काही लपत नव्हती.

मग बाईनं विचारायला घेतलं. जमीन किती, घरात माणसं किती, बायकांना शिकू देता का. पाटलांनी हौसेनं सगळं सांगितलं. एवढी विचारपूस करणारी बाई त्यांना निपाणीचीच वाटली.

उर्सुला कॉफी घेऊन आली. कपबश्या किणकिणत होत्या. ट्रे ठेवून ती समोरच्या खुर्चीवर बसली. गप्प कसं बसायचं, म्हणून पाटलांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. ती बालवाडीत शिकवत होती. चंदनाच्याच वयाची. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि तिथल्या तिथं त्यांनी मनात होकार देऊन टाकला.

ब्राह्मीनं, म्हणजे पाटलीणबाईंनी, मुलाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नका म्हणून बॅगेत एक हिरवी इरकल साडी घातली होती. पाटील वर सुकुमारच्या खोलीत जाऊन ती घेऊन आले. एवढा गडद रंग म्हाताऱ्या बाईला कसा शोभणार, म्हणून त्यांनी ती उर्सुलाच्या हातात ठेवली. आपल्या लेकीची ही इथली पाठराखीण, असं म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुकुमारनं याचं भाषांतर केलं. उर्सुला खाली वाकली आणि तिनं त्यांच्या पायांना हात लावला.

पाटलांना कौतुक वाटलं. बाई मात्र रडायलाच लागली. त्यांचे दोन्ही हात धरून ती पुष्कळ वेळ काहीतरी बोलत राहिली.

"काय म्हणतात रं?"

सुकुमारनं मान वर केली नाही.

"म्हणतात, पोराच्या घरचं वडीलधारं माणूस येऊन बघून जाईस्तोवर लेक द्यायची न्हाय, असं ठरवलं हुतं. आता दिली म्हणतात."