कॉलरच्या आतला टाका

समांतर जगांतून येणाऱ्या हल्लेखोरांशी लढणाऱ्या सात सुपरहिरोंचे पोशाख बाबा शिवायचे. प्रत्येक कॉलरच्या आत ते एक लाल टाका घालत. "हा माझ्या लेकीचा," म्हणत, आणि गाठ मारण्याआधी दोरा हलकेच दोनदा ओढून बघत.

ते गेल्यापासून तिथे मी काळा टाका घालते. त्यांच्यासाठी.

आज दुपारी सातांतली धाकटी दुकानात आली आणि शत्रूचा फाटका पोशाख तिने टेबलावर टाकला.

"ताई, लेकाच्यांनी आपली नक्कल केलीय बघ! असू दे, संध्याकाळी त्यांच्या जगाचं दार कायमचं बंद करतोय."

शिवण डावखुरी होती, बाबांची. मी कॉलर उलटली. आत काळा टाका होता.

त्या जगात बाबा आहेत, आणि मी नाही.

"काय गं, पांढरीफटक पडलीस?"

"काही नाही. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश आहे ना?"

वर्षभर न उघडलेलं लाल दोऱ्याचं रीळ मी काढलं आणि त्या काळ्या टाक्याशेजारी एक टाका घातला. गाठ मारायला दोरा बोटांत धरला.

कापडाच्या पलीकडून तो हलकेच दोनदा ओढला गेला.