गजऱ्याची गाठ

सर्जन व्हायचं तर बोटं लहानपणीच तयार व्हायला हवीत, असं पप्पा म्हणायचे. दहावीपासून मी त्यांच्या ऑपरेशनच्या दोऱ्याने खुर्चीच्या हाताला गाठी मारत आले.

मेडिकल कॉलेजात सरांनी गाठींची स्पर्धा लावली. मिनिटभरात माझ्या अठरा झाल्या. शेजारच्या अंबिकाच्या एकतीस, सगळ्या घट्ट.

“कुठे शिकलीस गं?” सरांनी तिला विचारलं.

“मारुतीच्या देवळाबाहेर, सर. आई गजरे विकते. सहा वर्षांची असल्यापासून मीही बांधते.”

टाळ्या मीही वाजवल्या. तिची बोटं दारात चेंगरावीत, असं मनात येत होतं.

रविवारी तिच्या आईकडून गजरा आणला. केसांत माळला नाही. खोलीला कडी लावून सुईने गाठी उकलायला बसले. कळ्या चुरगळल्या, बोटं दुखली. एकही गाठ सुटली नाही.